‘एक नंबर’ काजू आणि डब्ल्यू २४० : वेंगुर्ल्याकडच्या एका काजूच्या दुकानाविषयी

मुंबई-गोवा महामार्गाने सिंधुदुर्गात शिरले की काजूची दुकाने ओळीने लागतात आणि त्यांतल्या निम्म्याअधिक पाट्यांवर ‘एक नंबर काजू’ असे ठळक अक्षरांत रंगवलेले असते. गेल्या वर्षी अशाच एका दुकानातून (नाव मुद्दाम देत नाही) घेतलेला पाव किलोचा पुडा घरी येऊन फोडला, तेव्हा वरच्या थरात टपोरे काजू होते, तर तळाशी करंगळीच्या नखाएवढे. पाकळ्यांच्या, म्हणजे उभ्या फुटलेल्या अर्ध्या काजूंच्या, जोड्या लावून प्रत्येक जोडी एक नग धरली आणि सगळे मिळून १५८ नग भरले. दुकानदाराशी भांडण्यात अर्थ नव्हता, कारण त्याने लेखी असे काहीच कबूल केलेले नव्हते.

‘एक नंबर’ या शब्दाची गंमतच तशी आहे. शाळेत मुलाचा ‘पहिला नंबर’ आला म्हटले की त्याच्यामागे दुसरा, तिसरा असे कोणी ना कोणी उभे असते. ‘एक नंबर’ म्हटले की मागे कोणीच नसते. मिसळ एक नंबर असते, गाडी एक नंबर असते आणि एखादा माणूस ‘एक नंबरचा लबाड’ही असतो. ‘दोन नंबर’ म्हणजे तर दुय्यम माल नव्हेच, तो थेट वहीबाहेरचा पैसा. बँकेत ‘नंबर लावतात’ तो पाळीचा आणि चष्म्याचा ‘नंबर वाढला’ तर डोळे बिघडलेले असतात. इतक्या ठिकाणी राबणाऱ्या शब्दाने काजूच्या पाटीवर नुसती वाहवा करावी, यात नवल नाही. मात्र वाहवा वजनकाट्यावर ठेवता येत नाही.

या वर्षी वेंगुर्ल्याकडे जाणाऱ्या एका आतल्या रस्त्यावर, काजूच्या छोट्या कारखान्यालाच लागून असलेल्या दुकानात गेलो. तेथे ‘एक नंबर’ कोठेही लिहिलेले नव्हते. फळीवर पत्र्याचे डबे होते आणि त्यांवर खडूने १८०, २१०, २४०, ३२० असे आकडे घातलेले होते. हे आकडे निर्यातीच्या व्यापारातून आलेले आहेत. एका पौंडात, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती अख्खे काजू भरतात, ते हा आकडा सांगतो. त्याच्या आधी येणारे ‘डब्ल्यू’ हे अक्षर पांढऱ्या, न तुटलेल्या गराचे. डब्ल्यू २४० म्हणजे पौंडाला २२० ते २४० नग आणि डब्ल्यू ३२० म्हणजे ३०० ते ३२०. आकडा वाढला की काजू लहान होतो, त्यामुळे जास्त आकडा म्हणजे भारी माल असे समजून येणाऱ्या गिऱ्हाइकाची पंचाईत होते. माझ्यासमोरच एक गृहस्थ ‘२१० कशाला, आम्हाला ३२० वालाच द्या, पैशाचा प्रश्न नाही’ असे ऐटीत म्हणाले आणि काउंटरवरच्या काकींनी त्यांना दोन्ही डबे उघडून दाखवले.

वेंगुर्ल्यात या गोंधळात आणखी एका आकड्याची भर पडते. येथील फळ संशोधन केंद्राने काढलेल्या काजूच्या जातींना वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ अशी नावे आहेत. हा आकडा जातीचा अनुक्रम सांगतो, प्रतवारी नव्हे. उलट वेंगुर्ला-७ ची बी मोठी असते आणि तिचा गर १८०च्या डब्यात जातो. वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकन आहे हे खरे, पण मानांकन माल कोठला ते सांगते, दाणा केवढा ते सांगत नाही. काकींनी हे सारे न कंटाळता समजावून सांगितले, हा या दुकानाचा मला सर्वांत आवडलेला भाग.

मागच्या खोलीत सात-आठ बायका लाकडी टेबलाभोवती बसून काजू निवडत होत्या. वाफवलेली बी फोडून, गर भट्टीत सुकवून आणि साल काढून झाली की माल या टेबलावर येतो. एक मुलगी मूठभर गर पसरून, बोटाच्या एका फटकाऱ्यात लहान दाणे डावीकडे आणि पाकळी उजवीकडे सारत होती. जास्त उष्णता लागून तांबूस झालेले दाणे तिने वेगळ्या सुपात टाकले. त्यांना निराळी प्रत आहे आणि ते स्वस्त मिळतात, चवीत मला तरी फरक जाणवला नाही. मी खिरीसाठी अख्खे मागत होतो, तेव्हा काकी म्हणाल्या, “खिरीत घालूक व्हये तर पाकळी घेवा, अख्खे कित्याक?” स्वतःचा महाग माल बाजूला ठेवून स्वस्त माल सुचवणारा दुकानदार मला क्वचितच भेटला आहे.

घरी आल्यावर २४०चा पाव किलोचा पुडा मोजला. हिशेबाप्रमाणे त्यात १२१ ते १३२ नग असायला हवेत. १२७ भरले, त्यांत तुटके तीन. गेल्या वर्षीचे १५८ नग पौंडावर नेले तर सुमारे २८७ येतात, म्हणजे तो माल ना २४०चा होता ना ३२०चा, दोन डबे एकत्र ओतून त्यावर ‘एक नंबर’ लिहिलेले होते. नव्या पुड्यातला काजू दाताखाली कट्कन तुटतो आणि महिनाभराने डब्यात मऊ पडलेला नाही.

तक्रारीही आहेत. खारे आणि मसाला काजू या शिस्तीतून वगळलेले दिसले. त्यांच्या बरण्यांवर नुसते ‘स्पेशल’ लिहिलेले आहे आणि आत २४०, ३२० व पाकळी यांची सरमिसळ आहे. मिठामसाल्याखाली आकार कोण पाहतो, असा हिशेब असावा. साध्या पुड्यांवर भरल्याची तारीख शिक्क्याने मारलेली असते, पण माझ्या दोन पुड्यांवर ती पुसट होती. १८०चा डबा मी गेलो तेव्हा रिकामा होता.

भेट म्हणून द्यायला २४०, रोजच्या खाण्याला ३२० आणि वाटणाला किंवा खिरीला पाकळी, अशी खरेदी येथे करावी. मसाला काजू मात्र दुसरीकडून घ्यावेत. दुकान दुपारी १ ते ४ बंद असते आणि त्या वेळात दार वाजवले तर कारखान्यातला कुत्रा बाहेर येतो.