वळताना कटकट, आणि न बदललेल्या रॅकचं बिल

स्टीअरिंग पूर्ण काटून गाडी पार्किंगमधून काढताना पुढच्या चाकाकडून कट-कट-कट असा आवाज येत असेल, तर गॅरेजला जाण्याआधी हे वाचा. या एका आवाजापोटी माझ्याकडून साडेसोळा हजार रुपये उकळले गेले. ज्या पार्टचे पैसे घेतले, तो पार्ट बदललाच नव्हता.

गाडी वॅगन-आर. आईला तपासणीसाठी साताऱ्याहून पुण्याला न्यावं लागतं, म्हणून गाडी ठणठणीत लागते. सरळ रस्त्यावर काही नव्हतं, पण डावीकडे पूर्ण वळवून ॲक्सिलरेटर दिला की कटकट सुरू व्हायची आणि वेग वाढला की तीही वाढायची. गॅरेजवाल्याने गाडी जॅकवर घेतली नाही, चाकामागे वाकूनही पाहिलं नाही. बॉनेट उघडलं, स्टीअरिंग इकडे-तिकडे फिरवलं आणि म्हणाला, "ताई, रॅक गेलाय. खंबाटकीचा बोगदा संपल्यावरचं वळण माहितीय ना? तिथे स्टीअरिंग लॉक झालं तर? आईंना घेऊन जाता म्हणून सांगतोय." रॅक म्हणजे स्टीअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणारा भाग.

पुण्याच्या रस्त्यावरच्या त्या वळणावर किती अपघात झालेत हे साताऱ्यात प्रत्येकाला ठाऊक आहे. या माणसाने नेमकी तीच भीती विकली, आणि मला सगळ्यात जास्त संताप त्याचाच आहे.

गाडी परत आली तेव्हा आवाज बंद होता. बिल म्हणजे वहीतला कागद, त्यावर ना जीएसटी नंबर ना पार्ट नंबर. रॅक असेंब्ली, पॉवर स्टीअरिंग ऑइल, अलाइनमेंट, लेबर. जुना रॅक मागितला तर "तो भंगारात गेला." थोड्याच दिवसांत कटकट परत आली, पहिल्यापेक्षा मोठी.

दुसऱ्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी आधी बिल वाचलं आणि ऑइलच्या ओळीवर बोट ठेवलं. "हिला हे ऑइल लागतच नाही. हिचं स्टीअरिंग इलेक्ट्रिक मोटरवर चालतं. ऑइल ओतलं कुठे?" मग गाडी रॅम्पवर चढवून मला खाली बोलावलं. रॅकवर काळा रंग मारलेला होता, पण तो धरणाऱ्या बोल्टांवर जुना गंज आणि वाळलेली माती तशीच होती. त्या बोल्टांना पाना लागलाच नव्हता. उजव्या चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे फवारे उडालेले होते. एक्सलवरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटलेलं, आणि त्या फाटक्या बुटात नवं ग्रीस ठासून वरून क्लिप आवळलेली. आवाज काही दिवस दबला तो त्या ग्रीसमुळे.

या आवाजाचं कारण अवघड नाही. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांपर्यंत एक्सल नेतो. चाकाकडच्या टोकाला सीव्ही जॉइंट असतो, त्यात पोलादी गोळ्या खाचांमधून फिरतात. बूट फाटलं की ग्रीस बाहेर फेकलं जातं, पाणी आणि धूळ आत जाते, खाचा झिजतात. मग वळताना जोर आला की गोळ्या कटकटतात. नुसतं बूट फाटलंय, आवाज अजून नाही, अशा वेळी पकडलं तर बूट आणि ग्रीस बदलून भागतं, खर्च काही शे रुपयांत. आवाज सुरू झाल्यावर मात्र जॉइंट बदलावा लागतो. माझं ते काम नव्या बुटासकट, रॅकच्या बिलाच्या चौथाईपेक्षाही कमी पैशांत झालं.

मोकळ्या मैदानावर स्टीअरिंग पूर्ण काटून, थोडा ॲक्सिलरेटर देत, हळू गोल फिरा. डावीकडे वळताना कटकट आली तर बहुतेकदा उजव्या चाकाचा जॉइंट, उजवीकडे वळताना आली तर डाव्याचा. कटकट नसून घूं असा आवाज असेल, आणि मोठ्या रस्त्यावर सौम्य वळणावर तो वाढत-कमी होत असेल, तर व्हील बेअरिंगचा संशय घ्या. गाडी उभी असताना स्टीअरिंग फिरवलं आणि स्प्रिंग सुटल्यासारखा टण्ण आवाज आला, तर शॉकॲब्सॉर्बरच्या वरचं माउंटिंग तपासायला सांगा. खड्ड्यात खडखड येत असेल तर सस्पेन्शनमधला लिंक रॉड किंवा लोअर आर्म. कधीकधी ब्रेकच्या डिस्कमागच्या पत्र्यात खडा अडकून नुसती घासघास होते आणि तो काढायला पैसेही पडत नाहीत. यातलं काहीही गाडी वर उचलून, चाक हलवून पाहिल्याशिवाय ठरत नाही. बॉनेट उघडून "रॅक गेला" म्हणणाऱ्याकडून किल्ली परत घ्या.

रॅक खरंच बदलायचा असेल तर जुन्या रॅकवर कायम शाईने खूण करून फोटो काढा, काम झाल्यावर तोच परत मागा, आणि नव्याच्या खोक्यावरचा पार्ट नंबर बिलात लिहून घ्या.

मी गॅरेजवाल्याला बोल्टांचे फोटो दाखवले. तो म्हणाला, "पोरांनी केलं असेल," आणि अलाइनमेंटचे पैसे परत द्यायला निघाला. मी ते घेतले नाहीत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे 1915 वर, तक्रार नोंदवली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगाचे कागद तयार करते आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते. तुमच्या इलेक्ट्रिक स्टीअरिंगच्या गाडीच्या बिलातही "पॉवर स्टीअरिंग ऑइल" लिहिलेलं असेल, तर तो कागद फेकू नका. गाडी धुवायच्या आधी रॅकच्या बोल्टांचे फोटो काढून ठेवा.