मकरपुऱ्यात घडवून घेतलेला पटर

गोल्फमध्ये चेंडू जमिनीवरून घरंगळवत होलमध्ये घालायचा फटका म्हणजे पट, आणि त्यासाठीची काठी म्हणजे पटर. तीन मीटरवरून पट मारताना पटरचा फेस, म्हणजे चेंडूला लागणारी सपाट बाजू, एक अंशाने वाकडा राहिला, तर चेंडू होलपाशी पोचेपर्यंत मधल्या रेषेपासून सुमारे 52 मिलिमीटर बाजूला गेलेला असतो. होलचा व्यास 108 मिलिमीटर, म्हणजे मध्यापासून काठ 54 वर. एवढं नुकसान करणारा तो एक अंश पटर हातात धरल्यावर डोळ्याला दिसतसुद्धा नाही.

बडोद्यात लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातल्या कोर्सवर मी खेळते. प्रतापसिंह महाराजांनी तो 1930 च्या दशकात युरोपियन पाहुण्यांसाठी करवला होता. त्यांचे नातू समरजितसिंहांनी 1990 च्या दशकात त्याची नव्याने उभारणी करून सगळ्यांना खुला केला, म्हणून दांडिया बाजारात राहणाऱ्या माझ्यासारखीला तिथे खेळता येतं. माझी सगळी नोकरी टूलरूममध्ये, जिग-फिक्श्चर, म्हणजे यंत्रावर काम पकडून धरणारी साधनं, डिझाइन करण्यात गेली. तयार पटर बरेच हाताळले, आणि शेवटी ड्रॉइंग स्वतः काढून मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान मशीन शॉपकडून पटर करून घेतला. शॉपचं नाव लिहीत नाही. त्यांचा धंदा पंपाच्या सुट्या भागांचा आहे आणि एकेका नगाच्या चौकशीचे फोन नकोत असं मालकांनी सांगितलंय. पण बरं मिलिंग असलेलं कुठलंही शॉप हे काम करू शकेल, म्हणून काय मागायचं आणि काय तपासायचं ते नीट लिहिते.

पटिंग शिकवणारे सगळे लंबकाचं उदाहरण देतात: खांद्यातून हलवा, मनगट मोडू नका, फटका झुलत येऊ द्या. दोऱ्याला गोळी बांधून हा प्रयोग आपण सगळ्यांनी शाळेत केलाय. झोका लहान असो की थोडा मोठा, वेळ तेवढाच लागतो. पटिंगला लंबकाचा खरा उपयोग या गुणाचा आहे. जवळचा पट असो वा लांबचा, लय तीच ठेवायची, फक्त पटर मागे नेण्याचं अंतर कमी-जास्त करायचं. मात्र आपला फटका हा मोकळा लंबक नसतो, हे कोणी फारसं सांगत नाही. मानेच्या बुडापासून चेंडूपर्यंत सव्वा मीटर धरा. एवढ्या लांबीचा लंबक नुसता सोडून दिला, तर टोकापासून खाली यायला अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ घेईल. चांगल्या खेळाडूंचा पटर साधारण एक तृतीयांश सेकंदातच खाली येतो. म्हणजे हात ढकलतातच. आणि ढकलणं आलं की पटरचं डोकं, म्हणजे चेंडूला लागणारा खालचा भाग, शाफ्टभोवती (दांड्याभोवती) वळण्याचा प्रश्न आलाच. मला पटरकडून एवढंच हवं होतं, की ढकललं तरी डोकं वळू नये.

डोकं वळतं ते त्याचा गुरुत्वमध्य शाफ्टच्या अक्षापासून बाजूला असतो म्हणून. शाफ्ट बोटावर आडवा तोलून धरा, लगेच कळेल. साध्या ब्लेड (पातळ पट्टीसारख्या डोक्याच्या) पटरचा टो, म्हणजे खेळाडूपासून लांबचं टोक, खाली लटकतो. ढकलताना हा टो मागे रेंगाळतो, फेस उघडा राहतो आणि तो वेळेत बंद करण्याचं काम मनगटावर पडतं. काही मॅलेट (मागे पसरलेल्या मोठ्या डोक्याच्या) पटरचा फेस आकाशाकडे बघत राहतो. त्यात टो लटकत नाही, पण गुरुत्वमध्य अक्षाच्या मागे असतोच. तिसरा प्रकार गुरुत्वमध्य अक्षावरच आणून ठेवायचा. याला आता सगळे झीरो टॉर्क, म्हणजे वळवणारा जोर शून्य, असं म्हणतात. गोल्फर जे. जे. स्पॉन 2025 ची यूएस ओपन ज्या पटरने जिंकला, तो एल.ए.बी. गोल्फचा डीएफ3 याच जातीचा. त्या स्पर्धेत ओकमाँट कोर्सच्या अठराव्या ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) त्याने 64 फुटांचा पट घातला, तेव्हापासून आमच्याकडेही या पटरची चौकशी वाढली आहे. असे नावाजलेले बरेच पटर अमेरिकेतच 400 डॉलरच्या पुढे जातात.

वजन कुठे ठेवायचं, हा वेगळा प्रश्न. जनरल इलेक्ट्रिकमध्ये इंजिनिअर असलेल्या कार्स्टन सोल्हाइमने 1959 मध्ये घरच्या गॅरेजात पटर बनवला तेव्हा वजन मधून काढून टो आणि हील (खेळाडूकडचं टोक) यांच्याकडे सरकवलं. चेंडू लागला की होणाऱ्या आवाजावरून त्याने पटरला पिंग नाव दिलं. त्यामागचं गणित अजून तेच आहे. वळण्याला होणारा विरोध अंतराच्या वर्गाने वाढतो. तेवढंच वजन दुप्पट लांब नेलं की विरोध चौपट. म्हणून मी डोक्याचा सांगाडा 6061 अ‍ॅल्युमिनियमचा घेतला, जो पोलादाच्या साधारण एक तृतीयांश वजनाचा, आणि मागच्या दोन कोपऱ्यांत स्टेनलेस स्टीलचे 90-90 ग्रॅमचे गोल ठोकळे बसवले, 24 मिलिमीटर व्यासाचे आणि 25 मिलिमीटर उंचीचे. सांगाडा 200 ग्रॅम, डोकं एकूण 380. रुंदी 110 मिलिमीटर, खोली 95. नियमानुसार टो-हील रुंदी खोलीपेक्षा जास्त असावी लागते, ती आहे.

लायचा कोन, म्हणजे शाफ्टचा जमिनीशी होणारा कोन, मी 78 अंश ठेवला, दुकानातले बहुतेक पटर 70 ते 72 असतात. लंबक सरळ रेषेत झुलायला शाफ्ट जितका उभा तितकं चांगलं. पण नियम शाफ्ट उभ्या रेषेपासून किमान 10 अंश कलता मागतो, म्हणजे 80 च्या वर जाता येत नाही. गोल्फर सॅम स्नीड 1966 मध्ये रेषेच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून क्रोकेसारखा पट मारू लागला होता, आणि तशा पटिंगला 1968 पासून बंदी आली. लांब पटरचं टोक छातीला टेकवून स्थिर करण्याचा मार्गही 1 जानेवारी 2016 पासून बंद आहे. स्थिरता आणायची ती पटरच्या डोक्यातून, कोनातून आणि वजनातूनच. मी दोन अंश मोकळे सोडले, कारण चिकटवताना शाफ्ट किंचित हलतो.

शॉपमधलं सगळ्यात नाजूक काम बोअरचं, म्हणजे शाफ्ट बसतो त्या भोकाचं. गुरुत्वमध्य फेसच्या बराच मागे आहे. शाफ्ट तिथे सरळ उभा घुसवला तर हात चेंडूच्या मागे राहतात, म्हणून बोअरला बाजूचे 12 अंश आणि पुढचे 2 अंश असा दुहेरी कल द्यावा लागला. साइन प्लेटवर (नेमक्या कोनात कलवता येणाऱ्या प्लेटवर) डोकं पकडून, डायल (सूक्ष्म फरक दाखवणारं मापक) लावून हे काम केलं. मिलिंगवरचा मुलगा खानदेशातला, हाताचा फार स्वच्छ. दुसऱ्या कोनासाठी त्याने स्लिप गेज (ठरावीक जाडीचे मापाचे ठोकळे) स्वतः मोजून लावले आणि बोअर मारण्याआधी मला बोलावून डायल दाखवला. असं काम बघितलं की बरं वाटतं.

तपासणी सरफेस प्लेटवर (अगदी सपाट पाटावर). दोन व्ही-ब्लॉकवर बेअरिंग ठेवली, त्यांवर शाफ्ट आडवा टेकवला, आणि डोकं हाताने फिरवून सोडलं. पहिल्यांदा ते हळूहळू वळून मागची बाजू खाली घेऊन थांबलं. मागच्या ठोकळ्यांना खालून ड्रिल मारून थोडं थोडं वजन काढत गेलो. मग फेस वर करून सोडा, खाली करून सोडा, आडवा सोडा, जिथे सोडाल तिथे डोकं थांबायला लागलं. "मावशी, हा आता कुठेच पडत नाही," असं म्हणत तो मुलगा पुन्हा पुन्हा फिरवून बघत होता. पटर कोणाकडूनही करून घ्या, ही एक चाचणी समोर उभं राहून करून घ्या. कागदावरचा गुरुत्वमध्य आणि धातूतला गुरुत्वमध्य यांत अ‍ॅनोडायझिंग (धातूवर चढवायचा थर), रंग आणि चिकटद्रव्य एवढ्यानेही फरक पडतो.

आता तक्रारी. शाफ्ट चिकटवताना त्यांनी पटकन सुकणारं इपॉक्सी वापरलं आणि फिक्श्चरमध्ये न धरता भिंतीला टेकवून ठेवलं. कोन जवळजवळ अर्धा अंश सरकला. हॉट एअर गनने तापवून शाफ्ट काढला आणि पुन्हा बसवला. इतक्या काटेकोर बोअरनंतर हे व्हायला नको होतं. काळं अ‍ॅनोडायझिंग बाहेर दिलेलं, ते कडांना फिकट आलं. वरचा पृष्ठभाग नुसता मिलिंग केलेला होता, सकाळच्या कोवळ्या उन्हात नेमका डोळ्यावर चमकायचा. बीड ब्लास्टिंग (बारीक मण्यांचा मारा) करून घेतल्यावर थांबलं. ठरल्या तारखेला काहीच मिळालं नाही, आणि उशीर होणार हे प्रत्येक वेळी मला फोन करून विचारावं लागलं. शाफ्ट, ग्रिप, अ‍ॅनोडायझिंग सगळं धरून 13,500 रुपये झाले. कामाच्या मानाने किंमत रास्त आहे.

ग्रीनवर त्याचा फरक दोन मीटरच्या आत लगेच दिसतो. चेंडू ठरवलेल्या रेषेवर सुटतो आणि त्यासाठी मनगटाने काही करावं लागत नाही. ग्रिप हलकी धरली तरी चालते, किंबहुना हलकी धरावी. घट्ट धरणारे हात डोक्याला विनाकारण वळवतात. फोनच्या स्लो मोशनमध्ये बघितलं तर मागे जाताना आणि पुढे येताना फेस चेंडूच्या रेषेला काटकोनात राहतो. जुन्या ब्लेडबरोबरचं माझं चित्रीकरण शेजारी लावलं की टो उघडताना स्पष्ट दिसतो. फेसच्या कडेला लागलेला चेंडूही पोचायचा तिथे जवळपास पोचतो.

पण यातच एक उणीव आहे आणि ती मला खटकते. मध्यावर लागलेला आणि कडेला लागलेला, दोन्ही फटके हाताला सारखेच लागतात. अ‍ॅल्युमिनियमचा आवाज बोदा आहे, त्यामुळे कानालाही फरक कळत नाही. लांबच्या पटला, विशेषतः दव असताना ग्रीन मंद असतं तेव्हा, किती जोर गेला हे हाताने सांगायला हवं, आणि हा पटर गप्प राहतो. ग्रिपच्या टोकात मी 60 ग्रॅमचं पितळी वजन घातलं होतं. त्याने हाताची थरथर कमी होते, पण दहा मीटरच्या पुढे अंदाज आणखी बोथट होतो. तिथे जुना ब्लेड मला अजून जास्त आवडतो.

उभं राहण्याची सवयही बदलावी लागते. 78 अंशांना चेंडूच्या खूप जवळ, डोळे थेट चेंडूवर येतील असं उभं राहावं लागतं. कंबर दुखणाऱ्यांनी आधी लांब शाफ्ट लावून बघावा. पटरच्या लांबीला वरची मर्यादा नाही, 18 इंचांपेक्षा कमी मात्र चालत नाही. ज्यांचा फटका मुळातच गोलाईतून येतो आणि ज्यांना फेस स्वतः उघडून बंद करण्यात गोडी आहे, त्यांना हा पटर अडवल्यासारखा वाटेल. त्यांनी टो लटकणाराच वापरावा. जवळचे पट मनगटामुळे हुकतात, त्यांना मी नक्की सुचवीन.

दुसऱ्या डोक्याचं ड्रॉइंग त्याच शॉपला दिलंय. त्यात फेसला तीन मिलिमीटरची पितळी पट्टी आहे, आवाज आणि हाताची जाणीव परत यावी म्हणून. पट्टीने वजन पुढे सरकतं, तेव्हा बोअर तेवढा पुढे घेतलाय. ग्रिपमधलं वजन 30 ग्रॅमवर आणलं आहे, आणि शाफ्ट चिकटवण्यासाठी सावकाश सुकणारं इपॉक्सी आणि रात्रभर फिक्श्चर, हे ड्रॉइंगवरच लिहून दिलंय.