८०,००० अवर्स: अर्थपूर्ण काम शोधायला उत्तम, पगाराचं गणित मात्र आपलं आपण

आठवड्याला ४० तास, वर्षाला ५० आठवडे, अशी ४० वर्षं. गुणाकार येतो ८०,०००. नोकरीत जाणारे हे तास सर्वात जास्त कुठे कामी येतील, या प्रश्नावर ८०,००० अवर्स ही संस्था २०११ साली ऑक्सफर्डमध्ये सुरू झाली. करिअर गाइड, जॉब बोर्ड आणि व्हिडिओ कॉलवरचा व्यक्तिगत सल्ला, तिन्ही मोफत. खर्च देणग्यांतून चालतो. 'पैसे बरे मिळतात, पण कामात राम नाही' इथवर आलेल्या इंजिनिअरने ती वापरावीच. पण तिच्यावर किती विसंबायचं हे आधी ठरवून.

सर्वात सरस आहे तो गाइड. समाधान देणाऱ्या नोकरीचे घटक त्यात नीट सुटे केले आहेत: गुंतवून ठेवणारं काम, दुसऱ्याला होणारा उपयोग, ते काम आपल्याला जमणं, साथ देणारे सहकारी, बाकीच्या आयुष्याशी मेळ आणि मोठे त्रास नसणं. पगार येतो तो या शेवटच्या घटकात, लांबचा प्रवास आणि नोकरीची अनिश्चिती यांच्या रांगेत. म्हणजे कमी पगार हा अडसर, पण जास्त पगार हे ध्येय नव्हे. ही मांडणी आम्हाला पटते. भरपूर कमवा आणि दान करा, या मार्गावर संस्थेचा सुरुवातीला बराच भर होता. तो पुढे तिने स्वतःच उघडपणे कमी केला. सल्ला देणाऱ्याने असं मत बदलणं विश्वास वाढवतं.

२०२५ पासून मात्र संस्थेने मुख्य लक्ष प्रगत एआयच्या धोक्यांकडे वळवलं आहे. शेती, शिक्षण किंवा आरोग्यासाठी भारतात सॉफ्टवेअर लिहायचं असेल, तर इथे फार काही हाती लागणार नाही.

जॉब बोर्डावर आधी ठिकाणाची चाळणी लावा. नुसत्या 'रिमोट'वर जाऊ नका. 'रिमोट, यूएसए' म्हणजे घरूनच काम, पण अमेरिकेत राहून. भारतातून चालणाऱ्या जागा 'रिमोट, ग्लोबल'मध्ये शोधायच्या, आणि त्या मोजक्याच असतात. मग अनुभव, मग कामाचा प्रकार. विषय सगळ्यात शेवटी, नाहीतर यादी लगेच रिकामी होते. मूळ संस्थेच्या पानावर टाइम झोन बघा. लंडनशी साडेचार-साडेपाच तासांचा फरक निभावता येतो. कॅलिफोर्नियातली सकाळी दहाची मीटिंग आपल्याकडे रात्री साडेदहाला किंवा साडेअकराला पडते, आणि तेही कायमचं.

आता पैसे. भारतात नोंदणी नसलेली संस्था बहुधा कॉन्ट्रॅक्टर म्हणून घेते. तो आकडा सध्याच्या सीटीसीशेजारी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) ठेवून तुलना करू नका. सीटीसीत कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी, कामगिरीनुसार मिळणारं व्हेरिएबल धरलेलं असतं. इथे त्यातलं काहीच नाही, पगारी सुट्टीही बहुधा नाही. करात मात्र मोठा दिलासा मिळू शकतो. समजा वर्षाला ४० लाख रुपये येणार आहेत. अनुमानित उत्पन्नाची सोय, म्हणजे खर्चाचा हिशोब न मांडता जमेचा ठरलेला हिस्साच उत्पन्न धरणं, लागू झाली तर निम्मे, म्हणजे २० लाख, करपात्र. नव्या करप्रणालीत २०२५-२६ च्या दरांनी सेससह कर होतो २ लाख ८ हजार. तेच ४० लाख पगार म्हणून आले, तर ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन सुमारे ७ लाख ८८ हजार. हा फरक बघून हुरळून जाण्याआधी करार वाचा. ठरलेले तास, मंजूर करून घ्यायची रजा, दुसरं काम करायला बंदी, अशी कलमं असतील तर ते उत्पन्न पगारच आहे असा आक्षेप येऊ शकतो. शिवाय वर्षाची जमा २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी, परदेशी संस्थेसाठीच्या कामावर, म्हणजे निर्यातीवर, हा कर भरावा लागू नये म्हणून दरवर्षी एलयूटी हे हमीपत्र, आणि अनुमानित सोयीत सगळा अॅडव्हान्स टॅक्स १५ मार्चपर्यंत. करारावर सही करण्याआधी सीए गाठा.

या बोर्डावरच्या बऱ्याच संस्था मुलाखतीऐवजी किंवा तिच्या जोडीला कामाची चाचणी देतात, कधी तिचे पैसेही देतात. इथे आपलं नेमणूकपत्र आड येतं. दुहेरी नोकरीची मनाई आणि लिहिलेल्या कोडवर कंपनीचा हक्क, ही दोन कलमं आधी तपासा. चाचणी कंपनीच्या लॅपटॉपवर कधीच करू नका. आणि नोटीस पीरियड ९० दिवसांचा असेल तर पहिल्याच ईमेलमध्ये सांगा. तिकडच्या लोकांना एवढ्या मुदतीची सवय नसते.

व्यक्तिगत सल्ल्यासाठी अर्ज करावा लागतो आणि प्रत्येकाला कॉल मिळत नाही. अर्जात 'काहीतरी चांगलं करायचंय' असं मोघम लिहू नका. दोन ठोस पर्याय, त्यांतला अडणारा प्रश्न आणि घर चालायला महिन्याला लागणारी किमान रक्कम लिहा.

या गाइडमध्ये न सापडणारी, पण आपल्याकडे निर्णायक ठरणारी गोष्ट म्हणजे आईवडिलांचा मेडिक्लेम. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीचं कवच नोकरीबरोबरच संपतं, आणि नव्या पॉलिसीत आधीच्या आजारांसाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. राजीनामा देण्याआधी त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का ते विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.