खिमा सँडविच: भाजी किसून की चिरून?

घाईच्या रात्री टोमॅटो सॉसमध्ये शिजवलेल्या बीफ खिम्याचं रसदार सँडविच करायचं, तर भाजी किसावी की चिरावी? किसलेलं गाजर आणि झुकिनी पाच-सात मिनिटांत खिम्यात मिसळून जातात. भाजी बघून नाक मुरडणारी मुलंही मुकाट्याने खातात. पण झुकिनीला पाणी सुटतं. ते पिळून काढलं नाही तर पाव भिजून हातातच फुटतो.

चिरलेल्या कांदा-ढोबळी मिरचीला वेळ जास्त लागतो, पण ती दाताखाली येते आणि टोमॅटो सॉसचा गोडपणा तोडते. मला चिरलेलीच आवडते. आधी खिमा खमंग तपकिरी परतायचा, सुटलेली चरबी काढायची, मगच भाजी आणि सॉस. कढईत चमच्याने ओढलेली रेघ क्षणभर तशीच राहिली की सॉस तयार. पाव मात्र दोन्हींसाठी भाजूनच घ्या.