मेटा मटेरियल्स : रेकॉर्ड डेटसाठी धावलेल्यांचा हिशोब

२१ जून २०२१ रोजी टॉर्चलाइट एनर्जी रिसोर्सेस या टेक्सासमधल्या छोट्या तेल कंपनीचा शेअर १० डॉलरच्या वर गेला. वर्षाच्या सुरुवातीला तोच एका डॉलरच्या आत मिळत होता. भाव चढण्याचं कारण तेल नव्हतंच. कॅनडातली मेटामटेरियल नावाची कंपनी टॉर्चलाइटमध्ये विलीन होऊन नॅसडॅकवर येणार होती. प्रकाश आणि रेडिओलहरी हव्या तशा वळवणारे कृत्रिम पदार्थ, लेझरपासून डोळे वाचवणारे चष्मे, धातूच्या अतिसूक्ष्म जाळीची पारदर्शक फिल्म असा तिचा माल. ऐकायला भविष्यकाळ, आणि त्यात विज्ञान खोटं नव्हतं. लोकांचे पैसे गेले ते विज्ञानामुळे नव्हे, शेअरच्या कागदांमुळे. म्हणून इथे कागदांबद्दलच लिहिलं आहे.

विलीनीकरणाआधी टॉर्चलाइटच्या जुन्या भागधारकांना एका शेअरमागे एक प्रेफरन्स शेअर मिळेल, असं ठरलं. तेलाची मालमत्ता विकून जे येईल त्यावर या प्रेफरन्स शेअरचा हक्क. रेकॉर्ड डेट, म्हणजे ज्या दिवशी शेअर नावावर असेल त्यालाच हक्क, होती २४ जून. अमेरिकेत तेव्हा सौदा पुरा व्हायला दोन कामकाजाचे दिवस लागत, म्हणजे हक्क हवा तर २२ जूनपर्यंत खरेदी करणं भाग. सोमवार २१ आणि मंगळवार २२ या दोन दिवसांत जी धावपळ झाली ती या तारखेची होती.

धावण्याला आणखी एक कारण पुरवलं गेलं, मंदीवाल्यांच्या कोंडीचं. ज्याने शेअर उसने घेऊन विकलेत, त्याला लाभांशही मूळ मालकाला भरून द्यावा लागतो. लाभांश रोख असेल तर रोख देऊन सुटका. पण लाभांश म्हणजे बाजारात न मिळणारा प्रेफरन्स शेअर असेल तर तो आणणार कुठून? मग रेकॉर्ड डेटच्या आधी मिळेल त्या भावाला शेअर परत घेऊन सौदा मिटवायचा. ‘मंदीवाले मरणार, भाव आभाळाला जाणार’ हे सोशल मीडियावर दिवसरात्र चाललं होतं. तर्क पुस्तकात बरोबर आहे. फक्त त्यात एक प्रश्न कोणी विचारला नाही : एवढ्या चढ्या भावात समोरून विकतंय कोण?

विकत होती कंपनी स्वतः. याच दिवसांत टॉर्चलाइटने ‘ॲट द मार्केट’ पद्धतीने नवे शेअर काढून १३.७५ कोटी डॉलर उभे केले. या पद्धतीत ठरावीक भावाचा इश्यू नसतो, अर्ज नसतो. दलाल कंपनीच्या वतीने रोजच्या बाजारात, चालू भावाला, थोडे थोडे नवे शेअर सोडत राहतो. तुमच्या स्क्रीनवर ती साधी विक्रीच दिसते. तुम्हाला वाटतं घाबरलेला मंदीवाला किंवा नफा काढणारा कुणीतरी समोर आहे. प्रत्यक्षात समोर छापखाना असतो. मागणी कितीही वाढली तरी पुरवठा त्याच दमात वाढत राहिला तर कोंडी कोणाची होणार?

हे लपवलेलं नव्हतं. अशा विक्रीची माहिती अमेरिकेच्या शेअर नियामकाकडे, म्हणजे एसईसीकडे, भरावी लागते आणि ती एडगर या त्यांच्या मोफत संकेतस्थळावर सगळ्यांना दिसते. तिथे कंपनीचं नाव टाकून तीन प्रकारचे कागद आधी उघडायचे : एस-३ म्हणजे भविष्यात किती रकमेचे शेअर विकण्याची मुभा घेऊन ठेवली आहे, ४२४बी५ म्हणजे त्यातले आता किती आणि कोणत्या पद्धतीने विकायला काढले, आणि एट-के म्हणजे तातडीची घडामोड. भाव आठवड्यात दुप्पट झालाय आणि नवा ४२४बी५ आलाय, असं दिसलं की उरलेलं वाचायचीही फारशी गरज नसते.

२५ जून २०२४ रोजी एसईसीने विलीनीकरणातून झालेली मेटा मटेरियल्स आणि दोन माजी मुख्याधिकारी, टॉर्चलाइटचे जॉन ब्रडा आणि मेटाचे जॉर्ज पालिकारस, यांच्यावर आरोप ठेवले; दोघा माजी मुख्याधिकाऱ्यांवर न्यायालयात दावा लावला. आरोप असा की प्रेफरन्स शेअरचा हा घाट मंदीवाल्यांना कोंडीत पकडून भाव कृत्रिमरीत्या फुगवण्यासाठी घातला गेला आणि फुगलेल्या भावातच नवे शेअर विकले गेले. कंपनीने आरोप मान्य वा अमान्य न करता १० लाख डॉलर दंडाची तडजोड केली. दोघा व्यक्तींवरचे आरोप हे आरोप म्हणूनच वाचावेत. पण दावा आला तो घटनेनंतर तीन वर्षांनी, हे लहान गुंतवणूकदाराने ध्यानात ठेवण्यासारखं आहे. नियामक येतो तेव्हा मांडव उठलेला असतो.

आता १० डॉलरने १०० शेअर घेतलेल्याचं काय झालं ते पाहू. गेले १००० डॉलर, तेव्हाच्या दराने सुमारे ७४ हजार रुपये. विलीनीकरणाच्या वेळी दोनाचा एक शेअर झाला, म्हणजे हातात ५०. २८ जूनला विलीनीकरण पुरं झालं. पुढे भाव इतका घसरला की नॅसडॅकची एक डॉलरची किमान अट पाळण्यासाठी जानेवारी २०२४ मध्ये शंभराचा एक केला. म्हणजे १०० चे ५०, ५० चा अर्धा. ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने दिवाळखोरीच्या चॅप्टर ७ खाली अर्ज केला. चॅप्टर ११ मध्ये कंपनी सावरण्याची निदान भाषा असते. ७ म्हणजे दुकान बंद, सामान विका. त्या विक्रीत भागधारकाचा नंबर शेवटचा.

शंभराचा एक झाला की पडद्यावर भाव शंभरपट दिसतो आणि दरवेळी कोणीतरी ‘शेअर उसळला’ म्हणून खरेदीला जातो. भाव पाहण्याआधी शेअरची एकूण संख्या पाहावी. आकडा पुन्हा वाढत चालला असेल तर सावध.

आणि त्या १०० प्रेफरन्स शेअरचं काय? त्यांची कथा मूळ शेअरपेक्षा वाईट आहे. ते बाजारात येणारच नाहीत अशी सगळ्यांची समजूत होती, पण ऑक्टोबर २०२१ पासून ‘एमएमटीएलपी’ या चिन्हाने ते ओटीसी बाजारात, म्हणजे नोंदणीकृत शेअर बाजाराबाहेर दलालांमध्ये चालणाऱ्या व्यवहारात, फिरू लागले. पुन्हा तीच कोंडीची गोष्ट, पुन्हा तारखा. तेलाची मालमत्ता नेक्स्ट ब्रिज हायड्रोकार्बन्स या वेगळ्या कंपनीत टाकून तिचे शेअर प्रेफरन्सवाल्यांना वाटायचे आणि प्रेफरन्स शेअर रद्द करायचे, असं ठरलं. रेकॉर्ड डेट १२ डिसेंबर २०२२, रद्द होणार १३ तारखेला, वाटप १४ ला. शेवटच्या दोन दिवसांत, शुक्रवारी ९ आणि सोमवारी १२ ला, मंदीवाले वाट्टेल तो भाव देतील या आशेवर लोक ८ तारखेपर्यंत भरत राहिले.

९ डिसेंबरच्या सकाळी अमेरिकी दलालांची नियामक संस्था फिन्रा हिने व्यवहारच थांबवले. शेवटचा भाव राहिला २.९० डॉलर; नोव्हेंबरात तो याहून कितीतरी वर होता. व्यवहार परत कधी सुरू झाले नाहीत, कारण सुरू व्हायला तो शेअरच उरला नाही. फिन्राने पुढे दिलेलं कारण तांत्रिक होतं : ८ तारखेनंतरचे सौदे दोन दिवसांच्या हिशोबाने प्रेफरन्स शेअर रद्द होण्याआधी पुरेच होत नव्हते. हे बरोबर की चूक यावर तिथले गुंतवणूकदार अजून भांडतात. पण बोटावर दिवस मोजले असते तर अडचण आधीच दिसली असती. ज्या कागदाची रद्द होण्याची तारीख जाहीर आहे, त्यात शेवटच्या दोन दिवसांच्या भरवशावर बसायचं नसतं.

हाती आले नेक्स्ट ब्रिजचे शेअर. हे कुठल्याच बाजारात नोंदलेले नाहीत. विकायचे तर गिऱ्हाईक स्वतः शोधायचं. भारतीय वाचकाचा इथे घोटाळा होतो, कारण आपल्याकडे मोठ्या कंपनीचं विभाजन झालं की नवी कंपनी बाजारात येतेच अशी सवय झाली आहे. रिलायन्समधून जिओ फायनान्शियल वेगळी झाली, २० जुलै २०२३ ची रेकॉर्ड डेट, त्याच दिवशी खास सत्रात भाव ठरला आणि २१ ऑगस्टला नोंदणी. अमेरिकेत वेगळी काढलेली कंपनी नोंदलीच पाहिजे असं नाही. नोंदणी होणार आहे की नाही हे वाटपाच्या माहितीपत्रकात साध्या वाक्यात लिहिलेलं असतं. तेवढं एक वाक्य शोधायचं.

प्रगत पदार्थांच्या कंपन्यांत हे जास्त चालतं, त्याचं कारण उघड आहे. सिमेंट कंपनीच्या बातमीत टन किती, भाव काय, हे दूधवालाही विचारतो. ग्राफीन, नॅनोफिल्म, मेटामटेरियल म्हटलं की विचारायचं काय हेच कळत नाही. मेटा मटेरियल्सची २०२१ ची विक्री सुमारे ४१ लाख डॉलर होती आणि विलीनीकरणाच्या सुमारास बाजारमूल्य अब्ज डॉलरच्या वर. नाकापेक्षा मोती किती जड, हे पाहायला पदार्थविज्ञान लागत नाही.

बातमीत हे शोधावं : ग्राहकाचं नाव आहे का, रक्कम पक्की आहे की ‘पर्यंत’ हा शब्द लावलाय, माल चौरस सेंटिमीटरमध्ये निघतो की किलोमीटरच्या रोलमध्ये, पुरवठ्याची तारीख आहे का. ‘सामंजस्य करार’, ‘संयुक्त विकास’, ‘पेटंट मंजूर’ या तिन्हींमधून रुपया येतोच असं नाही. प्रयोगशाळेत हाताएवढा तुकडा आणि कारखान्यात अखंड रोल यांच्यात बहुतेक कंपन्या बुडतात, कारण दोष नसलेल्या मालाचं प्रमाण रोलवर टिकत नाही आणि तोवर पगार द्यायला नवे शेअर काढावे लागतात.

दुसरा सापळा याहून बाळबोध. २२ जुलै २०२३ रोजी दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी एलके-९९ हा शिसं, तांबं, फॉस्फरसचा पदार्थ साध्या तापमानाला अतिवाहक, म्हणजे विजेला अजिबात रोध न करणारा, असल्याचा दावा केला. दावा करणारी क्वांटम एनर्जी रिसर्च सेंटर ही कंपनी शेअर बाजारात नव्हतीच. तरी नावात किंवा धंद्यात ‘अतिवाहक’ असलेले कोरियन शेअर रोजच्या ३० टक्क्यांच्या मर्यादेला जाऊन टेकले. त्यातल्या सोनाम कंपनीने आपला या संशोधनाशी संबंध नाही असं जाहीर सांगितलं. अमेरिकेत अमेरिकन सुपरकंडक्टर १ ऑगस्टला एका दिवसात सुमारे ६० टक्के वर गेला. त्याचाही काडीचा संबंध नव्हता. आपल्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने पदार्थ बनवून पाहिला, अतिवाहकता सापडली नाही. ऑगस्टच्या मध्यापर्यंत उलगडा झाला : नमुन्यातली भेसळ, कॉपर सल्फाइड, १०४ अंश सेल्सिअसच्या आसपास रूप बदलतं आणि विद्युतरोध अचानक पडल्यासारखा दिसतो. ज्यांनी शिखरावर घेतलं ते तिथेच अडकले.

भारतात ‘ॲट द मार्केट’ विक्री नाही, पण तिचा चुलतभाऊ आहे : ठरावीक लोकांना दिलेले वॉरंट, म्हणजे आधी ठरलेल्या भावाने पुढे शेअर घेण्याचा हक्क. घेताना २५ टक्के भरायचे, बाकी १८ महिन्यांत. बातम्या चांगल्या येत राहिल्या, भाव चढला, तर उरलेले ७५ टक्के भरून शेअर घ्यायचे. नाहीतर २५ वर पाणी सोडायचं. म्हणून एखाद्या छोट्या ‘नॅनो’ किंवा ‘ग्राफीन’ कंपनीच्या घोषणा धडाधड येऊ लागल्या की बीएसईच्या संकेतस्थळावर मागच्या दीड वर्षात वॉरंट कोणाला, किती रुपयांनी दिले आणि लॉक-इन (विकण्यावरची बंदी) कधी सुटतो, हे आधी काढावं. घोषणांच्या तारखा त्याशेजारी लिहाव्यात. पुष्कळदा एवढ्यातच खेळ कळतो.

एमएमटीएलपीसारख्या प्रकारात अडकलेल्यांच्या मागे दुसरी टोळी लागते : ‘अडकलेले शेअर सोडवून देतो, आधी प्रक्रिया शुल्क भरा’. दिवाळखोरीतल्या भागधारकाला कोणी वकील फोन करून पैसे मागत नाही. दिवाळखोरीत मालमत्ता विकण्यासाठी नेमलेला ट्रस्टी असतो आणि त्याच्याकडच्या नोंदी सार्वजनिक असतात. पैसे दिलेच असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला तक्रार करावी.

भारतात राहून, रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेतून (एलआरएस) डॉलर पाठवून हे शेअर घेतले असतील तर आणखी एक काम उरतं. खात्यात नुसता पडून असलेला मृत शेअर म्हणजे विकलेला शेअर नव्हे. भांडवली तोटा दाखवायला हस्तांतर व्हावं लागतं, आणि चोवीस महिन्यांहून जास्त काळ ठेवलेल्या शेअरचा तोटा फक्त दीर्घकालीन नफ्यातूनच वजा होतो. तोवर प्राप्तिकर विवरणपत्राच्या ‘शेड्यूल एफए’मध्ये, म्हणजे परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, तो शेअर दरवर्षी लिहायचा. तिथे हिशोब आर्थिक वर्षाचा नाही, जानेवारी ते डिसेंबरचा. खरेदीची तारीख, खरेदीची किंमत आणि वर्षअखेरच्या मूल्याच्या रकान्यात शून्य.