ह्यूज २६९सी : आठ महिने आणि ७२ तासांनंतर

अमेरिकेत हेलिकॉप्टरच्या खाजगी लायसनसाठी किमान ४० तास लागतात. माझे ७२ झाले आणि परीक्षा अजून बाकी आहे, त्यामुळे हा अनुभव मंद विद्यार्थ्याचा समजून वाचा.

ह्यूज २६९सी या हेलिकॉप्टरमध्ये गव्हर्नर, म्हणजे रोटरचा आरपीएम (मिनिटाचे फेरे) आपोआप सांभाळणारी यंत्रणा, नाही, यातच सगळं आलं. डाव्या हाताने कलेक्टिव्ह (सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलणारा दांडा) उचलला की आरपीएम पडतो. त्याच मुठीने थ्रॉटल पिळून तो सावरावा, तर नाक उजवीकडे पळतं. डावं पेडल दाबावं, तर टेल रोटर (शेपटीचा पंखा) ताकद खातो, की परत थ्रॉटल! नाशिकला बाबांच्या बजाज चेतकवर गिअर डाव्या मुठीत होते, ती सवय कामी येईल वाटलं होतं. कसलं काय. पहिले पंधरा तास मनगट ठणकत होतं.

याचा जन्म कॅलिफोर्नियातला. १९५५ मध्ये आराखड्याचं काम सुरू झालं, ऑक्टोबर १९५६ मध्ये पहिलं उड्डाण. अमेरिकन लष्कराने पाच नमुने टेहळणीसाठी तपासले, पण त्या कामाला घेतले नाहीत. १९६४ मध्ये मात्र टीएच-५५ या नावाने प्रशिक्षणासाठी निवड झाली आणि ७९२ घेतली. व्हिएतनामला गेलेल्या कितीतरी वैमानिकांचा हात टेक्सासच्या फोर्ट वॉल्टर्सला यावरच बसला. माझं सी मॉडेल नंतरचं, १९० अश्वशक्तीचं.

सुरू करण्याची तऱ्हा मला फार आवडते. इंजिन धडधडतं, पण पाती ढिम्म. मग क्लच लावला की गिरणीसारखे पट्टे ताणले जातात आणि रोटर सावकाश फिरू लागतो.

मधे हे दुरुस्तीला गेलं तेव्हा चार तास रॉबिन्सन आर-२२ हे दुसरं हेलिकॉप्टर उडवलं. वेग जास्त, तासाचा दर कमी, गव्हर्नरमुळे डाव्या हाताला आराम. पण त्याची दोन पाती हलकी, इंजिन गेलं तर आरपीएम झरकन उतरतो. इथे तीन पाती, ऑटोरोटेशनमध्ये (इंजिनाशिवाय, वाऱ्याने फिरणाऱ्या पात्यांवर उतरताना) विचार करायला क्षणभर जास्त मिळतो. माझ्यासारख्याला तो लागतो.

भीती एकच, ग्राउंड रेझोनन्स, म्हणजे जमिनीवर रोटरचा तोल बिघडून सगळं यंत्र वाढत्या जोराने हलणं. पाती मागेपुढे सरकू शकणाऱ्या रोटरला हा धोका असतोच. एकदा मी वाकडं टेकवलं, चूक माझीच, आणि सगळं गदागदा हलायला लागलं. आरपीएम पुरेसा होता, म्हणून सरांनी तत्क्षणी कलेक्टिव्ह उचलला. हवेत जाताच सगळं शांत. मग म्हणाले, "आता तू टेकव."