पत्र्याचा कूलर, साठ लिटर: ग्वाल्हेरातल्या दहा महिन्यांनंतर

रत्नागिरीच्या बाईनं कूलरवर लिहावं म्हणजे जैसलमेरच्या माणसानं होडीवर लिहिण्यासारखं आहे. आमच्याकडे कूलर कुणी घेत नाही. का घेत नाही, हा प्रश्न चाळिशीपर्यंत मला कधी पडला नव्हता. गेल्या एप्रिलात बँकेनं माझी बदली ग्वाल्हेरला केली. मी, नवरा, सहावीतला मुलगा आणि सासरे, म्हणजे आमचे नाना, असे चौघे मंगला एक्स्प्रेसनं आलो. सामान ट्रकनं मागून आलं, त्याची रडकथा वेगळी आहे आणि ती इथे सांगत नाही.

पहिला कूलर आम्ही यायच्या आधीच ऑनलाइन मागवून ठेवला होता. प्लॅस्टिकचा, वीस लिटरचा, खाली चाकं, वर बर्फाचा कप्पा, सोबत रिमोट. दिसायला एसीचा धाकटा भाऊ. म्हणून वापरलाही तसाच: दारं बंद, खिडक्या बंद, पडदे ओढलेले. पहिला तास बरा गेला. मध्यरात्री उठलो तर चादर दमट, उशी दमट, अंग चिकट. नाना पलंगावर उठून बसले आणि म्हणाले, "हे तर आपल्याकडचं जुलैचं हवामान. एवढ्यासाठी दीड दिवस गाडीत बसून आलो काय?"

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू विरजण द्यायला आल्या. त्यांचं घराणं चार-पाच पिढ्यांपासून लष्करातलं. (लष्कर म्हणजे इथला जुना भाग. दौलतराव शिंद्यांनी 1810 मध्ये इथे छावणी टाकली, तिचंच पुढे शहर झालं.) काकूंची मराठी अस्सल, पण शंभर-दोनशे वर्षं हिंदीच्या शेजारी राहिलेली. आत पाऊल टाकताच त्या म्हणाल्या, "अहो, कूलर चालवून कमरा बंद नाही करायचा. समोरची खिडकी खोल!" नाना खिडकीकडे बघत राहिले. "खोल? खिडकी ती, विहीर थोडीच आहे?" काकूंनी शेवटी स्वतः जाऊन खिडकी उघडली आणि पाच मिनिटांत खोलीतली हवा हलली. तेव्हापासून आमच्या घरात खिडकी उघडत नाहीत, 'खोल' करतात.

आता यातली गोम. कूलर हवा थंड 'बनवत' नाही. पंखा बाहेरची कोरडी हवा ओल्या घासातून, म्हणजे जाळीत भरलेल्या लाकडाच्या बारीक तंतूंतून, खेचतो, घासातलं पाणी वाफ होऊन उडतं, आणि उडताना लागणारी उष्णता ते हवेतूनच घेतं. म्हणजे हवा जितकी कोरडी तितकं काम चोख. पण आत आलेली ओल बाहेर गेली नाही तर तासाभरात खोलीची रत्नागिरी होते. म्हणून कूलर खिडकीबाहेर टांगायचा, त्याला बाहेरची हवा मिळाली पाहिजे, आणि समोरच्या बाजूला हवेला वाट ठेवायची. आम्ही नेमकं उलटं केलं होतं. प्लॅस्टिकवाला बिचारा आतलीच ओली हवा पुन्हा पुन्हा दळत होता. बर्फाच्या कप्प्याचा उपयोग एकच: मुलगा त्यात सरबताची बाटली ठेवतो.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात काकूंच्या ओळखीच्या पत्रेवाल्याकडून खिडकीच्या मापाचा कूलर करून घेतला. तीन बाजूंना घास, अठरा इंची पंखा, साठ लिटरची टाकी, आतून डांबर फासलेलं म्हणजे लवकर गंजत नाही. स्टँडसकट साडेसात हजार. घास म्हणजे लाकडाचीच, सुताराच्या रंध्याखालून निघते तशी, पण केसासारखी बारीक. पहिले चार दिवस तिचा वास लाकडाच्या वखारीसारखा येतो. मला आवडला, नवऱ्याला शिंका आल्या.

नानांनी रत्नागिरीहून आणलेला तापमापक दोन्हीकडे धरून पाहिला. मेमध्ये दुपारी अडीच वाजता बाहेरच्या सावलीत 43, कूलरच्या तोंडाशी 28. रत्नागिरीत उन्हाळ्यात बहुतेक दिवस तेहतीस-चौतीसच असतं, तरी तिथे घामानं जीव जातो. इथे त्रेचाळीसला घाम दिसतच नाही, बाहेर आला की उडतो. म्हणून आपण तापतोय हे कळत नाही आणि पाणी प्यायचं राहून जातं. मुलाचा पहिल्याच महिन्यात दोनदा घोळणा फुटला. ओठ फाटले, टाचांना भेगा पडल्या. रत्नागिरीत पावसाळ्यात फुगून अडकणारं आमच्या सागवानी कपाटाचं दार इथे आपणहून उघडतं, आणि सासूबाईंच्या वेळच्या पोळपाटाला मधोमध तडा गेला. धुतलेली चादर अर्ध्या तासात पापडासारखी वाळते, हे मात्र सुख. आमच्याकडे जुलैत घातलेला टॉवेल गणपतीपर्यंत ओला असायचा.

पाण्याचा हिशेब कुणी आधी सांगत नाही, तो मी सांगते. कडक उन्हाळ्यात साठ लिटरची टाकी नऊ-दहा तासांत कोरडी पडते. दिवसरात्र चालवला तर दिवसाला सव्वाशे-दीडशे लिटर. शहरात माणशी दिवसाला 135 लिटर पाणी मिळावं असा सरकारी मापदंड आहे. म्हणजे चौघांच्या घरात कूलर हा पाचवा माणूस, आणि तो भांडी घासत नाही. आमच्या नळाला तिघरा धरणाचं पाणी सकाळी थोडाच वेळ येतं. ते पिण्या-स्वयंपाकाला, कूलरला बोअरचं. बोअरच्या पाण्यात क्षार फार. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि टाकीतलं पाणी दिवसागणिक जड होत जातं. तीन आठवड्यांत घासावर पांढरे पापुद्रे आले, पंपाची जाळी बुजली आणि एक बाजू कोरडी राहून तिथून भट्टीची हवा येऊ लागली. तेव्हापासून दर रविवारी टाकी पूर्ण रिकामी करते. ते पाणी कुंडीला घालू नका. माझी तुळस त्यातच गेली.

तक्रार क्रमांक एक, आणि ही गंभीर आहे: शॉक. पत्र्याची बॉडी, आत पाणी, वर वीज. जूनमध्ये पाणी भरताना माझ्या बोटांना झिणझिण्या आल्या. नानांनी टेस्टर लावला तर बॉडीवर दिवा पेटला. भाड्याच्या घरातल्या त्या प्लगला अर्थिंगच नव्हतं. घरमालकांना फोन केला तर म्हणाले, "इतने वर्षों से चल रहा है." आम्ही स्वखर्चानं वायरमन बोलावून अर्थिंग करून घेतलं आणि मोटरची सोललेली वायर बदलली. आता घरात नियम आहे: पाणी भरायच्या आधी नुसतं बटण नाही, पिनच काढायची. नवा कूलर घेणाऱ्यांनी घासाच्या आधी प्लग तपासावा.

आवाज आहे. रात्री टीव्ही नऊवरून सोळावर न्यावा लागतो. पण मेच्या शेवटी नवतपा, म्हणजे इथले सगळ्यात तापणारे नऊ दिवस, लागला, दिवसभर लू, म्हणजे गरम कोरडा वारा, वाहायला लागली, तेव्हा तो आवाज बंद पडला की चौघंही झोपेतून दचकून उठायचो. लाइट गेलेली असायची.

मग जूनअखेर पाऊस आला आणि कूलरची किंमत एका आठवड्यात शून्य झाली. बाहेर 34, कूलरच्या तोंडाशी 31, वर चिकचिक. हवाच ओली, तर पाणी उडणार कुठे? रत्नागिरीत कूलर का नसतो, याचं उत्तर मला जुलैत ग्वाल्हेरला मिळालं. पंप बंद करून नुसता पंखा लावा, तेवढाच आधार. इथला पाऊस आमच्या मानानं म्हणजे शिंतोडे. तिकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर, इकडे हजारही नाही. नाना छत्री न घेता बाहेर पडत आणि गल्लीतली माणसं त्यांच्याकडे बघत. पण दमटपणा दोन महिने पुरतो, आणि डेंगीचा डासही. त्याला कूलरचं स्वच्छ साचलेलं पाणी फार प्रिय. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याला टाकी रिकामी करायची. नुसती ओतून भागत नाही. अंडी काठाला चिकटलेली असतात आणि कोरडीही तग धरतात. काथ्यानं घासून काढा.

विजेचं म्हणाल तर कूलर दोनशे वॉटच्या आसपास, दीड टनाचा एसी दीड हजारांच्या. काकू दोन्ही ठेवतात: एसी जुलै-ऑगस्टला, कूलर एप्रिल ते जून. पुढच्या वर्षी आम्हीही तेच करणार आहोत. पाचपैकी गुण द्यायचे तर मेमध्ये पाच, जुलैत एक.

सध्या कूलर जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळलेला आहे. डिसेंबरात तानसेन समारोहाला आम्ही कानटोप्या घालून बसलो होतो, तेव्हा हा कूलर कधी लागला असेल यावर विश्वास बसत नव्हता.

नाना शिमग्याला गावी जाणार आहेत, मंगलाचं तिकीट काढलंय. काकूंनी त्यांना सांगितलंय की त्यांच्या वाड्यात पूर्वी दारांना वाळ्याचे पडदे टांगून त्यावर पाणी मारत. नानांना वाळा माहीत आहे तो माठात टाकायचा. काल दुपारी त्यांनी चादर सोडली, सुतळी घेऊन कूलरच्या तिन्ही जाळ्या मापल्या, सुतळीला तीन गाठी मारल्या आणि ती पाकिटात ठेवली. म्हणाले, "लाकडाची घास नको यंदा. किती जुड्या लागतील ते तिथे बघतो."